इंजिन एकच, मग अठ्ठावीस हजार कशाचे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. राहतो कराडला, शाळा पाटणजवळ. जाऊन-येऊन रोज ७६ किलोमीटर होतात. त्यातला शेवटचा ८ किलोमीटरचा रस्ता डोंगरातला, चढ-उताराचा, आणि पावसाळ्यात त्यावर तांबडी माती वाहून येते. रॉयल एनफील्डची हंटर ३५० घ्यायचं ठरलंय. कोटेशनप्रमाणे ऑन-रोड भाव असे : खालचं मॉडेल १ लाख ६६ हजार, मधलं १ लाख ९४ हजार, वरचं १ लाख ९९ हजार. वडील म्हणतात, तिन्हीत इंजिन एकच, मग जास्तीचे पैसे कशाला? आमची हयात ड्रम ब्रेकवर गेली. धाकटा भाऊ म्हणतो, घ्यायची तर टॉपच घे, विकताना पैसे सुटतात. शोरूमवाल्याचंही तेच. एक लाखाचं कर्ज काढणार आहे. सुट्टीच्या दिवशी पत्नीही मागे असते. कोणतं घेऊ?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या वडिलांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि तरीही तुम्ही मधलं मॉडेल घ्यावं असंच आम्ही सांगू. वरचं नको. का, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

इंजिन एकच आहे, यात वाद नाही. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन-मीटर टॉर्क. गिअरबॉक्स तोच, टाकी तीच १३ लिटरची, पुढची डिस्कही तीच ३०० मिलिमीटरची. खालच्या मॉडेलची गाडी चढाला कमी ओढणार नाही की जास्त पेट्रोल पिणार नाही. मधल्यासाठी जास्तीच्या अठ्ठावीस हजारांतला खरा फरक मागच्या चाकात आहे आणि दोन्ही चाकांच्या रिममध्ये आहे. बाकीचं वरवरचं.

आधी मागचा ब्रेक. खालच्या मॉडेलला मागे १५३ मिलिमीटरचा ड्रम येतो, मधल्याला २७० मिलिमीटरची डिस्क. नुसतं ‘ड्रमपेक्षा डिस्क बरी’ एवढंच असतं, तर पैसे वाचवा म्हणालो असतो. चांगला सेट केलेला ड्रम मागच्या चाकाला पुरतो. इथे प्रश्न एबीएसचा आहे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं, पण एका चाकाला असलं तरी कायदा पुरा होतो. त्यामुळे दोन्ही मॉडेल्सच्या माहितीपत्रकात ‘एबीएस’ लिहिलेलं दिसतं आणि माणूस समजतो की दोन्हीत सारखंच आहे. पुढचा शब्द वाचा. खालच्याला ‘सिंगल चॅनल’, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मधल्याला ‘ड्युअल चॅनल’, म्हणजे दोन्ही चाकांना.

एबीएस काम कसं करतं ते पाहिलं की तुमच्या रस्त्यावर याचं मोल कळेल. चाकाच्या हबजवळ खाचा पाडलेली एक रिंग असते, तिच्यासमोर सेन्सर. चाक फिरतं तशा खाचा सेन्सरसमोरून सरकतात आणि चाकाचा वेग क्षणाक्षणाला मोजला जातो. ब्रेक दाबल्यावर चाक एकदम थांबायला लागलं, म्हणजे जाम व्हायला लागलं, की एक वॉल्व्ह ब्रेक ऑइलचा दाब सोडतो, पुन्हा देतो, पुन्हा सोडतो. हे सेकंदात अनेकदा होतं. त्यासाठी ब्रेकमध्ये ऑइलचा दाब हवा. ड्रमला ऑइलच नसतं, पेडलपासून दांडी किंवा केबल जाते आणि लायनर ओढते. म्हणून मागे ड्रम असलेल्या या गाडीला मागच्या चाकाचं एबीएस नाही, आणि पुढे कधी कुठल्या गॅरेजमध्ये बसवूनही मिळणार नाही. नुसती डिस्क कुणी बसवून देईल, पण एबीएसचं युनिट, वायरिंग, सेन्सर, रिंग हे सगळं जमवणं हा रस्त्यावर चालवायच्या गाडीवर करायचा प्रयोग नव्हे.

आता तो ८ किलोमीटरचा उतार डोळ्यांसमोर आणा. जून-जुलैचा पाऊस, वळणावर तांबड्या मातीचा थर, समोरून एसटी. अशा वेळी बहुतेकांचा पाय आधी पेडलवर जातो, कारण पुढचा ब्रेक दाबला तर घसरू ही भीती वर्षानुवर्षं बसलेली असते. उतारावर गाडीचं वजन पुढे झुकलेलं, मागचं चाक हलकं झालेलं. पेडल जोरात दाबलं की ड्रमचं चाक फिरायचं थांबतं आणि गाडीची शेपटी बाजूला सरकते. घाबरून पेडल सोडलं की चाकाला एकदम पकड मिळते आणि गाडी उलट्या बाजूला झटका देते, बरेचदा चालवणारा फेकला जातो तो या दुसऱ्या झटक्याने. मागच्या चाकाला एबीएस असलं की पेडल पायाखाली थरथरतं, पण चाक फिरत राहतं आणि शेपटी जागेवर राहते. मागे पत्नी बसलेली असताना ही गोष्ट आणखी महत्त्वाची होते, कारण मागे वजन असलं की आपण पेडल आणखी जोराने दाबतो.

वडिलांची हयात ड्रमवर गेली हे खरं. त्यांनी पायाला सवय लावून घेतली, बेताने दाबायची, दाब कधी सोडायचा ते ओळखायची. ती सवय आजही कामाची आहे, त्यांच्याकडून शिकून घ्या. पण समोर एकदम म्हैस आली की दर वेळी पाय बेतानेच पडेल असं नाही.

एबीएस काय करत नाही, तेही सांगायला हवं. वळणात गाडी तिरकी झालेली असताना घसरली, तर हे एबीएस वाचवत नाही. खडी आणि चिखलावर थांबायचं अंतर कमी होत नाही, उलट थोडं वाढूही शकतं. वेग कमी ठेवणं तुमच्याच हातात राहतं.

दुसरा फरक चाकांचा. खालच्या मॉडेलला स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर, मधल्याला अलॉय, म्हणजे स्पोक नसलेली ओतीव धातूची चाकं, आणि ट्यूबलेस टायर. रोज ७६ किलोमीटर धरून वर्षाला शाळेचे २२० दिवस मोजले, तर १६,७२० किलोमीटर होतात. एवढ्या पल्ल्यात पंक्चर होणारच. ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा टायरच्या आत पसरते आणि स्पोकच्या भोकांतून पटकन निघून जाते, चालत्या गाडीचं चाक डगमगायला लागतं. मग मागचं चाक काढा : ब्रेकची दांडी सोडवा, अ‍ॅक्सलचा नट सैल करा, चेन उतरवा, टायर रिमवरून सोडवा. डोंगरातल्या रस्त्यावर, पावसात, १७७ किलोची गाडी घेऊन हे होत नाही. टेम्पो बोलवावा लागतो किंवा पंक्चरवाल्याला गाडीवर बसवून आणावं लागतं. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुतेक वेळा भोकातच बूच होऊन बसतो आणि हवा हळूहळू जाते, कित्येकदा गावापर्यंत पोचता येतं. नाहीच पोचलात, तर चाक न काढता स्ट्रिप, म्हणजे रबराची चिकट पट्टी, मारता येते. खिळा ज्या कोनात गेलाय त्याच कोनात पक्कडने उपसा, कानशीसारख्या रीमरने भोक आतून खरवडा, स्ट्रिपला सोल्यूशन लावून सुईने दोन तृतीयांश आत ढकला, सुई झटक्यात बाहेर काढा, वरचं टोक थोडं ठेवून कापा. किट आणि छोटा पंप डिकीच्या पिशवीत मावतो. मात्र टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला चिरा गेला असेल, तर स्ट्रिप मारून चालवू नका.

अलॉयची एक बाजू मात्र उणी आहे. खोल खड्ड्यात जोरात आपटलं की स्पोकची रिम वाकते, आणि मिस्त्री स्पोक आवळून-सैल करून ‘आउट’ काढून देतो. अलॉयला तडा गेला की चाक बदलण्याला पर्याय नाही. वेल्डिंग मारून देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. काठावर बारीक वाक आला तर रोज थोडी थोडी हवा जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा मोजायचीच. चेनच्या कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला दाब ठेवा, एकट्यासाठीचा आणि दोघांसाठीचा आकडा वेगळा असतो.

टायर रुंद म्हणून गाडी मऊ चालते, असं शोरूममध्ये सांगतील. हिशेब करून बघा. खालच्या मॉडेलचा मागचा टायर १२०/८०-१७, म्हणजे टायरची उंची १२० च्या ८० टक्के, ९६ मिलिमीटर. मधल्याचा १४०/७०-१७, म्हणजे ९८ मिलिमीटर. पुढे खालच्याचा १००/८०-१७, उंची ८०. मधल्याचा ११०/७०-१७, उंची ७७. खड्ड्याचा दणका खाणारा रबराचा थर जवळपास तेवढाच आहे. रुंदीमुळे जमिनीवर टेकणारा पट्टा मोठा होतो, एवढाच फायदा. उलट १४० मापाचा टायर महाग असतो आणि तुमच्या पल्ल्याला मागचा टायर दर सव्वा वर्षाने बदलावा लागेल असं धरा. दोन्ही मापांचे भाव आत्ताच टायरवाल्याकडे विचारून वहीत लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांचा खर्च खरा दिसेल.

इथवर जे सांगितलं ते सगळं नंतर सहज आणि नीट बसवता न येणारं आहे. जास्तीचे पैसे अशाच गोष्टींसाठी मोजायचे. मोबाइल चार्जर, होल्डर, लेगगार्ड, मागची पाठ टेकायची जागा, सीटचा फोम हे सगळं पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, पैसे हातात आले की बसवता येतं, आणि बाहेर स्वस्तात मिळतं. (होल्डर घेतलात तर रबरी डॅम्परचा घ्या, सिंगल सिलिंडरच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो.) एलईडी हेडलाइट मधल्यात येतो आणि संध्याकाळी डोंगरातून उतरताना तो उपयोगी पडेल, पण त्याला आम्ही कारण धरत नाही, बोनस धरतो.

मधल्यापासून वरच्यापर्यंतचे पाच हजार याच कारणाने वाचवा. दोन कोटेशनची पानं शेजारी ठेवा आणि ब्रेक, चाक, टायर, सस्पेन्शन या चार ओळी बोटाने जुळवा. चारही सारख्या असतील, तर तुम्ही रंगाचे आणि स्टिकरचे पैसे देताय. रंग आवडला म्हणून पाच हजार देणं गैर नाही, फक्त ते रंगाचे आहेत हे ठाऊक असू द्या.

भावाचा विकण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. जुन्या बाजारात डिस्क, अलॉय आणि ड्युअल चॅनलला गिऱ्हाईक लवकर मिळतं. पण आज दिलेले अठ्ठावीस हजार तेव्हा अठ्ठावीस राहत नाहीत. विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात निम्मी धरतात, आणि तुमची गाडी तोवर ८३,००० किलोमीटरच्या पुढे गेलेली असेल. परत मिळणारे दहा हजारांच्या वर धरू नका. वरच्या मॉडेलच्या रंगाचे तर काहीच धरू नका, घेणारा त्याच्या आवडीचा रंग शोधत असतो.

आता पैशांचं. एक्स-शोरूममधला फरक साडेचोवीस हजारांच्या आसपास आहे. रोड टॅक्स किमतीच्या टक्केवारीत असल्यामुळे त्यावर सुमारे तीन हजार चढले, उरलेले विम्याचे. विम्यात एक गोष्ट लक्षात घ्या : पाच वर्षांचा थर्ड-पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, त्यामुळे तो तिन्ही मॉडेल्सना सारखाच असायला हवा. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरतो, त्यात काही शे रुपयांचाच फरक पडतो. कोटेशनमध्ये विम्याच्या ओळीत मोठा फरक दिसला तर विचारा. पॉलिसी बाहेरून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जास्तीचे २८,००० कर्जातून गेले, तर साडेदहा टक्के घटत्या शिलकीवर ३६ महिन्यांसाठी हप्त्यात सुमारे ९१० रुपये वाढतात आणि एकूण ३२,७६० भरावे लागतात. पाच वर्षांच्या ८३,६०० किलोमीटरला वाटले तर किलोमीटरमागे ३९ पैसे. शोरूममधला फायनान्सवाला ‘फक्त ९ टक्के’ म्हणाला तर ‘फ्लॅट की रिड्यूसिंग’, म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर की उरलेल्या शिलकीवर, हा प्रश्न तिथेच टाका. तीन वर्षांचा फ्लॅट ९ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास १६ टक्के होतात. पगार खात्याच्या बँकेत आणि शिक्षकांच्या पतसंस्थेत आधी दर विचारून मगच शोरूममध्ये जा.

एक पर्याय तुम्ही विचारला नाही, तरी सांगतो. अठ्ठावीस हजार खरोखरच जड जात असतील, तर ३५० च्या खालच्या मॉडेलवर उतरू नका, १६० सीसीच्या गाड्यांमधल्या वरच्या मॉडेलकडे बघा. पल्सर एन१६० किंवा अपाचे आरटीआर १६० ४व्ही यांच्या ड्युअल चॅनल मॉडेल्सना दोन्ही चाकांना डिस्क, दोन्हींना एबीएस, ट्यूबलेस टायर आहेत. तुमच्या पल्ल्यात पेट्रोलही वाचतं : लिटरला ३५ किलोमीटर धरले तर वर्षाला ४७८ लिटर लागतं, ४५ धरले तर ३७२ लिटर. १०४ रुपये भावाने वर्षाला अकरा हजारांचा फरक. ३५० चा तो संथ, भरदार ओढा त्यात मिळणार नाही आणि मागची सीट पत्नीला पटते का ते बसवूनच पाहावं लागेल. पण कोरड्या गावात रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्याला आम्ही ३५० चं खालचं मॉडेल बिनदिक्कत घ्या म्हणालो असतो. तुमच्या रस्त्याला ते नाही.

पैसे भरण्याआधी दोन्ही मॉडेल्सची टेस्ट राइड घ्या, आणि नुसती फेरी मारून येऊ नका. शोरूमच्या माणसाला सांगून, मोकळ्या कोरड्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, २० ते २५ च्या वेगाला हँडल सरळ धरून फक्त मागचं पेडल ठामपणे दाबा. ड्रमचं चाक घासत ओरडेल, डिस्कचं पेडल पायाला टकटक करेल. फरक पायानेच कळेल, आमच्या पानभर मजकुराने कळणार नाही इतका. वडिलांना सोबत नेलंत तर फार बरं.

ताबा घेताना चावी फिरवा : पिवळा एबीएसचा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. सुरुवातीला लागलाच नाही तर तीही तक्रारच आहे. फॉर्म २२ वर, म्हणजे गाडी नियमांत बसते याचा कंपनीने दिलेला दाखला असतो त्यावर, उत्पादनाचा महिना बघा. टायरच्या बाजूवर चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी नवी आणि टायर वर्षभर पडून असलेला, असं होऊ देऊ नका.

मधलं मॉडेल घेतल्यावर थोडी देखभाल वाढते, ती मनापासून करा. तांबडी माती मागच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, जाऊन वाळली की पिना जाम होतात, पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि गाडी ओढते. पावसाळ्यात प्रत्येक सर्व्हिसिंगला कॅलिपर उतरवून पिना साफ करायला आणि त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, साधं ग्रीस रबर फुगवतं. सेन्सर आणि खाचांची रिंग मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा, वॉशिंगच्या गनची धार तिथे जवळून मारू देऊ नका. टायर बदलताना चाक जमिनीवर रिंगच्या बाजूने आडवं टाकू देऊ नका, रिंग वाकली की एबीएसचा दिवा कायमचा लागतो. तो चालू गाडीत लागला तर घाबरू नका, ब्रेक साधे ब्रेक म्हणून चालतच असतात, पण त्या दिवशी उतारावर पाय जपून. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, मग लांब उतारावर तापून त्यात वाफ होते आणि ब्रेक स्पंजासारखा मऊ लागतो.

आणि वरच्या मॉडेलचे वाचवलेले पाच हजार हेल्मेटवर घाला. आयएसआय खुणेची, पूर्ण चेहरा झाकणारी दोन. पत्नीचं त्यांना दुकानात नेऊन घ्या : घातल्यावर गाल दाबल्यासारखे वाटले पाहिजेत, हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं तर गालांची कातडी सोबत हलली पाहिजे, आणि पट्टा लावून मागून पुढे ढकललं तर ते निघून येता कामा नये.